किडनीसाठी आणलेली शहाळी

तुर्भ्याच्या बाजारातून पोतंभर शहाळी रिक्षात घालून मी खांदेश्वरला घरी आणली, तेव्हा आपण काहीतरी शास्त्रशुद्ध करतोय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

माझी थोरली बहीण, आक्का, साताऱ्याहून उपचारासाठी आमच्याकडे येऊन राहिली होती. थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, पण कॅन्सर मानेत थोडा उरला होता. तो जाळायला किरणोत्सारी आयोडीनचा डोस प्यायचा होता. त्यात आक्काला जुना मधुमेह, त्यामुळे किडन्या आधीच अशक्त. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मानेतल्या पेशी लागेल तेवढं औषध घेणार, उरलेलं किडनीवाटे बाहेर पडणार. किडनी मंद असेल तर ते अंगात रेंगाळतं आणि नको तिथे त्रास देतं. म्हणून आधी रक्त तपासायचं, त्यावर डोस ठरणार, आणि डोसनंतर सांगू तेवढं पाणी प्यायचं.

पाणी. एवढंच म्हणाले होते. पण साधं पाणी पाजायला बी.कॉम. झालेला भाऊ कशाला लागतो? मी डोसच्या आधीपासूनच शहाळी सुरू केली. सोसायटीलाही चेव आला. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून जो तो शहाळं घेऊन हजर. आक्का बिचारी सगळ्यांचं मन राखत पीत राहिली.

रक्ताचा रिपोर्ट आला आणि डोस पुढे ढकलला गेला. पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. "शहाळ्यात ते भरपूर असतं," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले. "अशक्त किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. कोणी पाजली?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

डोसआधी थायरॉईडच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, आणि त्या बंद असल्या की अंग सुजतं, थंडी वाजते. म्हणजे डोस लांबला तितके दिवस आक्काने चेहरा सुजवून, ऐन मे महिन्यात गोधडी पांघरून बसायचं. तशी ती बसलेली असताना सोसायटीचे सेक्रेटरी चार शेजाऱ्यांना घेऊन आले. हे गृहस्थ गच्चीच्या गळतीपासून हृदयाच्या झडपेपर्यंत सगळ्यावर अधिकाराने बोलतात.

"बघा, मी म्हणत नव्हतो? ही रेडिएशनची औषधं आधी किडनी खातात."

"अहो, पण औषध अजून दिलंच नाहीये," मी म्हणालो.

"तेच सांगतोय! न देता ही अवस्था, दिल्यावर काय होईल?"

या युक्तिवादावर खोलीतल्या चार सुशिक्षित माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मला हसू येईना, कारण आक्काही मान डोलावत होती. मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "मला गावाला न्हेऊन सोड. गाठीनं मरंन, पर किडनी घालवून घ्यायची न्हाई मला."

मी समजावायला तोंड उघडलं. बायकोने हातानेच मला गप्प केलं आणि ती आक्काजवळ जाऊन बसली.

"वन्सं, तुमचं रक्त त्या औषधानं नाही बिघडलं. ह्यांनी बिघडवलं. गावाला पाठवायचंच असेल तर ह्यांना पाठवू. तुम्ही राहा."

कित्येक दिवसांनी आक्का हसली. आणि राहिली.

शहाळी बंद झाली, पथ्य सुरू झालं, रक्त ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी किडनीचा अंदाज घेऊन डोस थोडा कमी ठेवला. अंगातल्या किरणांचा इतरांना त्रास नको म्हणून आक्का इस्पितळाच्या बंद खोलीत एकटी राहून, मोजून दिलेलं पाणी पिऊन परत आली. पुढे काही महिन्यांनी मानेचा फोटो साफ निघाला. किडन्या होत्या तितक्याच अशक्त होत्या, त्याहून वाईट झाल्या नव्हत्या.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी अभिनंदनाला आले. हातात सोललेलं, वर स्ट्रॉ खोचलेलं शहाळं. "आमच्या शुभेच्छांचा गुण," म्हणाले.

ते गेल्यावर बायकोने ते शहाळं माझ्या हातात दिलं.

"प्या तुम्हीच. तुमच्या किडन्या ठणठणीत आहेत, नुसत्या डोक्याचीच काळजी आहे. आणि वन्संना ह्यापुढे काही पाजायचं झालं तर आधी मला विचारायचं. साधं पाणीसुद्धा."