माझं वाचून होईपर्यंत

बायको गेल्यावर देवानं माझ्याशी बोलणं बंद केलं, असं मला वाटायला लागलं होतं. हे मी चर्चच्या पाळकांना सांगितलं नाही, मुलालाही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी दुसरी गोष्ट कबूल करावी लागली असती, की मला नीट ऐकू येत नाही. सगळी नोकरी पत्रा दाबायच्या प्रेसच्या धडधडाटात झाली. जवळ उभं राहून कुणी बोललं तर कळतं. पण तळवड्याला आमची उपासना भरते ती पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं माइकवरचा शब्द माझ्यापर्यंत येतो तो नुसता खडखडाट होऊन. बायको होती तोवर अडलं नाही. कुरुळीला घरी येताना ती रिक्षात पाळकांचा सगळा संदेश परत सांगायची, आणि मी वर म्हणायचो, "ऐकलंय मी. मला काय सांगतीस?" तिला खरं ठाऊक होतं.

ती गेली, आणि मी रविवारी जाऊन नुसता बसायला लागलो. सगळे हसले की हसायचं, उठले की उठायचं. त्यात पाळकांनी पडदा आणला, कॅमेरे आणले आणि सगळं पोराटोरांच्या हातात दिलं. नववी-दहावीची पोरं. त्याला मीडिया टीम म्हणतात. मी बैठकीत उभा राहून बोललो, हे देवाचं घर आहे, मोबाइलचं दुकान नाही. कुणी मनावर घेतलं नाही. पडद्यावर बायबलमधलं वचन यायचं, पण माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत मी निम्म्यापर्यंत पोचायचो आणि ते निघून जायचं. ऐकू येत नव्हतंच, आता वाचायलाही मिळेना.

एका शनिवारी संध्याकाळी घरात एकटा होतो, तेव्हा देवाशी भांडलो. म्हटलं, "तुला माझ्याशी बोलायचं नसलं तर तसं सांग. उद्याचा एक रविवार मी येतो. मग येत नाही." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं.

रविवारी दाराजवळची खुर्ची धरली, मधेच उठून जाता यावं म्हणून. तिथंच बाजूच्या भिंतीला पोरांचं टेबल असतं. वचन आलं. चांगलं लांबलचक होतं. तुमचे केस पिकले तरी मीच तुम्हाला वाहून नेईन, अशा अर्थाचं. वाचायला लागलो. निम्म्यावर आलो, वाटलं आता जाणार. गेलं नाही. शेवटच्या शब्दावर पोचलो आणि मग ते बदललं. दुसरंही तसंच झालं. तिसऱ्याला मी मुद्दाम मधे थांबलो, ओठ मिटून घेतले. कंपनीतही साहेबानं सांगितलेलं माप मी स्वतः मोजून बघायचो, माझा स्वभावच तसा. पडदा हलेना. पाळक हातवारे करत होते, लोक माना वळवून मागं बघत होते, तरी पडदा हलेना. मी परत वाचायला घेतलं, संपवलं, तेव्हा कुठं तो बदलला. माझ्या अंगावर काटा आला. उठून जायचं राहूनच गेलं.

उपासना सुटली. टेबलापाशी कॅमेऱ्यावरचा सुहास एका पोरीला झापत होता. शलोमी तिचं नाव. पडद्याच्या कामावर त्या दिवशी पहिल्यांदाच बसलेली. मी लगतच होतो, त्यामुळं ऐकू आलं.

"झोपली होतीस का गं? पास्टर तिकडं ट्रॅफिक पोलिसासारखे हात करतायत!"

"आजोबांचं वाचून व्हायचं होतं."

"कुठले आजोबा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला राग आला.

"मला काय अडाणी समजतीस का गं?"

"नाही आजोबा. इथून तुमचे ओठ दिसतात. माझी आजी पण असंच वाचते. कुणी घाई केली की बायबल मिटून ठेवते, मग जेवायला पण येत नाही." मग म्हणाली, "पण तुम्ही मधेच थांबलात ना, तेव्हा मला घाम फुटला. म्हटलं, आजोबांना काही झालं की काय!"

सुहास फिदीफिदी हसला. मी चपला घालून निघालो.

आठवडाभर डोक्यात तेच. पडदा देवानं थांबवला की पोरीनं? त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पोरीला मी काही सांगितलं नव्हतं. ज्याला सांगितलं होतं तो एकच, आणि तेही भांडून. मी ज्यांच्याविरुद्ध बैठकीत बोललो त्यांच्याच हातून त्यानं उत्तर पाठवलं, हे पचायला मला वेळ लागला.

पुढच्या रविवारी गेलो. बसायच्या आधी शलोमीला म्हटलं, "वाचून झालं की मी मान हलवीन. मग बदल." तिनं पाळकांच्याही कानावर घातलं असावं, ते आता थांबतात. माझ्या एका मानेसाठी सगळी मंडळी थांबते, याचा मला थोडा गर्वही झाला. शरण जाणं म्हणजे गुडघे टेकणं, असं मी जन्मभर समजत आलो. गुडघे मी रोज टेकायचो. आपल्याला येत नाही, हे माणसांना दिसू देणं मात्र मला कधी जमलं नव्हतं. ते या वयात शिकवलं, त्याबद्दल देवाचे आभार, आणि त्या पोरीचेही.

मागच्या रविवारी एका जोडाक्षराला अडलो. ते काही केल्या सुटेना. शेवटी शलोमीला हात केला. ती उठून आली, कानाशी वाकली आणि शब्द सांगितला. सगळी मंडळी वळून बघत होती. मी तो शब्द मोठ्यानं म्हटला आणि पुढचं वाचायला घेतलं.