न बोललेला नवस

बाजारात दवण्याची जुडी नाकाशी धरली की मला जोतिबाचा डोंगर आठवतो. चैत्र होता, आमचे हे आठ दिवस दवाखान्यात निपचित पडलेले, आणि डॉक्टरांनी आशा सोडलेली. म्हणून मी अनवाणी डोंगर चढले. पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, अंगावरच्या गुलालाचा घामानं चिखल झालेला. काय मागायचं ते वाटभर घोकलं होतं. पण देवासमोर पोचले आणि थोरल्या लेकीच्या आजारपणातला नवस आठवला. तेव्हा पदर पसरूनही ती गेली होती. तोंडच उघडेना. गुरव ओरडला, "अवं बाई, बोला की नवस! मागं रांग हाय, देव काय तुमच्या एकटीचा हाय व्हय?" मी म्हटलं, "काय बी मागत न्हाय. नुसतं माझ्याजवळ थांब म्हणावं त्याला." गुरवानं अंगारा माझ्या मुठीत दाबला. तिसऱ्या दिवशी हे गेले. मी कोसळले नाही. शेजारणीनं आणलेली भाकरी कुस्करून धाकटीला भरवली. ते बळ देवानं दिलं, की तो आलाच नाही म्हणून माझं मलाच काढावं लागलं? इतकी वर्षं रोज दिवा लावताना त्यालाच विचारते.