दहावा हात

आमच्या शेजारच्या काकांइतका भिडस्त माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडणार नाही. महाराष्ट्रातही बराच शोधावा लागेल. लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण कुणाला ‘नाही’ म्हणणं त्यांना ना मराठीत जमलं ना इंग्रजीत. इंटरनेट विकणारा माणूस दारात भिजत उभा राहिला, म्हणून घरात दुसरं कनेक्शन घेतलं. न्हाव्याने चुकून अर्धी मिशी उडवली, तर “ग्रँड, ग्रँड” म्हणत उरलेली अर्धीही त्याच्या स्वाधीन केली. गणपतीत मी आग्रह करत गेले आणि ते अकरा मोदक खाऊन दोन दिवस ओव्याच्या पाण्यावर राहिले. “तू एवढ्या प्रेमाने वाढत होतीस गं,” असं वर मलाच समजावलं.

काकू गेल्यापासून दर रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे टीव्ही बघायला येतात. त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे, पण एकट्याने बघवत नाही म्हणतात. बघताना तोंडाचा पट्टा अखंड चालू. खुनी कोण ते पहिल्या दहा मिनिटांत जाहीर करतात आणि हटकून चुकतात. या हिवाळ्यात मात्र एक मालिका लागली: खुनाच्या खटल्यात ज्युरीवर बसलेला एक माणूस, आपण तुरुंगात धाडलेला तरुण खरंच दोषी होता का, ते कित्येक वर्षांनी शोधायला निघतो. ती लागली की काका गप्प. चहावर साय धरायची, तरी कपाला हात लावत नसत.

ज्युरीच्या खोलीतला प्रसंग आला त्या रविवारी ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “इथलं नागरिकत्व मिळालं, त्याच्या पुढच्याच वर्षी मलाही बोलावलं होतं. खुनाचाच खटला. काय कौतुक वाटलं होतं! सूट इस्त्री करून गेलो. शेवटी शुक्रवारची दुपार झाली, सगळ्यांना घरी जायचं होतं. दोषी ठरवायला बारांतले दहा हात पुरतात इथे. नऊ वर होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले.”

मी टीव्ही बंद केला.

“बघ, बोललो,” ते कसंनुसं हसले. “खोलीतलं बाहेर काढायचं नसतं, कायदा आहे. हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती गेली, तरी नाही.”

मला त्या अकरा मोदकांची लाज वाटली.

दारात कोट चढवताना त्यांनी विचारलं, “तुझी ती वकील मैत्रीण आहे ना? तिला विचारशील, आता मी काही बोललो तर त्याच्या उपयोगी पडेल का? अजून आतच आहे गं तो.”

“विचारते, काका,” मी म्हटलं.

याला चार महिने झाले, मी विचारलेलं नाही. या वयात त्यांच्यामागे कोर्टाची कटकट नको, असं मी स्वतःला सांगते. खरी भीती वेगळीच आहे: मैत्रीण ‘आता उपयोग नाही’ म्हणाली, तर ते काकांना मलाच सांगावं लागेल. काका अजून दर रविवारी येतात, चहा घेतात, एकदा माझ्याकडे बघतात. दुसऱ्यांदा विचारायची त्यांना भीड वाटते. ते मला ठाऊक आहे, आणि मीही त्याचाच फायदा घेते.