परवानगीपुढचे कारण

जोगळेकर सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या मारुती मंदिराजवळच्या छोट्या कार्यालयात झाली. मी लांज्याहून मुलाखतीला आले होते. सरांनी गुणपत्रिका पाहिलीच नाही. म्हणाले, "वैशाली, घरी गॅस दुरुस्त करायला माणूस आला, तर त्याला कपाटाची किल्ली देशील?" मी नाही म्हटले. "मग प्रोग्रॅमला कशाला देतात लोक?" एवढ्यावर मला नोकरी मिळाली.

आमचे काम दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवण्याचे. बाहेरून आलेला रिपोर्ट उघडणारा भाग सर नेहमी बंदिस्त ठेवतात. त्याला तेवढी एकच फाइल दिसते. बाकीची डिस्क नाही, इंटरनेट नाही. फाइलमध्ये काही घातक असले तरी ते तिथल्या तिथे अडकावे. विंडोजवर आणि लिनक्सवर ही भिंत वेगवेगळ्या तऱ्हेने घालावी लागते, पण सरांचा नियम दोन्हीकडे एकच: दिलेली प्रत्येक परवानगी वहीत लिहायची, पुढे खरे कारण आणि सही. दर शुक्रवारी सर स्वतः एक खोटी घातक फाइल तयार करून आणतात आणि आमची भिंत फोडून बघतात. फुटली, तर ज्याची चूक त्याने सर्वांसाठी चहा करायचा.

माझे पती सुधीर याच कार्यालयात होते. गेल्या वर्षी ते गेले. दीड महिन्याने मी कामावर परतले. तेव्हा लिनक्सवर रिपोर्टमधल्या मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. त्या बंदिस्त भागाला फॉन्टचे एक फोल्डर वाचू दिले असते तर पुरे होते. मी त्याला सगळी डिस्क वाचायला मोकळी करून दिली आणि वहीत लिहिलेही नाही. शुक्रवारी सरांची फाइल त्या वाटेने थेट रुग्णांच्या नोंदींपर्यंत पोहोचली. सोमवारी हेच सॉफ्टवेअर दवाखान्यात बसवायचे होते.

मी राजीनामा लिहून सरांपुढे ठेवला. "सर, सुधीर असते तर ही चूक झाली नसती."

"अगो, त्याने हीच केली होती!" सरांनी कपाटातून एक जुनी वही काढली. "वाच."

सुधीर यांच्या अक्षरात होते: 'सगळी डिस्क दिली. कारण: वैशाली मांडवीच्या किनाऱ्यावर थांबली आहे.'

हे मला माहीत नव्हते. आमचे तेव्हा लग्नही झाले नव्हते.

"चहा केलान त्याने दुसऱ्या दिवशी. अगदी पाणचट," सर म्हणाले. "आता तुझं कारण लिही. खरं."

मी लिहिले, 'कामात लक्ष लागत नव्हते.' सरांनी खाली सही केली आणि राजीनामा माझ्या हातात परत दिला. "ती परवानगी आधी काढ. मग आधण ठेव."

सोमवारी सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे बसले, फक्त फॉन्टच्या फोल्डरची परवानगी घेऊन.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य मिळो, आणि दर शुक्रवारी आमच्या भिंती फोडण्याची त्यांची हौस अशीच राहो. ती जुनी वही सरांनी कपाटात परत ठेवली नाही. ती माझ्या टेबलावर असते.