खुर्चीतलं बोलणं

आमच्या धाकट्याने, माझ्या भावाने, लेखक व्हायचं ठरवलं, ते त्याने जेवता जेवता सांगितलं. कोणी हसलंसुद्धा नाही. बाबा म्हणाले, "हो की. सकाळी दुकान झाडून मग हो."

बाबांचं केस कापायचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. आई लवकर गेली, त्यामुळे घर माझ्या गळ्यात आणि दुकान बाबांच्या. धाकटा दोन्हीकडे अर्धा होता, पुरा कुठेच नव्हता. पहाटे उठून खाली गल्ल्यावर लिहीत बसायचा, आणि गिऱ्हाईक आलं की कागद खणात सारायचा. त्या कागदांना बारीक केस चिकटलेले असायचे. गोष्टी साभार परत यायच्या, तेव्हा पाकिटातूनही केस पडायचे. मी म्हणायचे, "एखाद्या दिवशी संपादकाचा केसाने गळा कापशील रे तू." तो हसायचा. त्याला स्थळं यायची, पाहुणे विचारायचे, मुलगा काय करतो? मी सांगायचे, केस कापतो. हा आतून ओरडायचा, "लिहितो." पाहुणे चहा पिऊन जायचे, ते परत काही यायचे नाहीत.

मला त्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो. हातात चांगली कला असताना माणसाने असले नसते उद्योग करावेत का?

तर बाबांच्या दुकानात बोलणं फार. खुर्चीत बसलं, मान मागे टाकली की माणसाच्या पोटातलं ओठावर येतंच. कोणाची सून नांदत नाही, कोणाचा साहेब छळतो, बाबा सगळं ऐकायचे. ऐकलेलं त्यांनी कधी जिना चढून वर आणलं नाही. मी खोदून विचारलं तरी म्हणायचे, "केरात गेलं ते, केसांबरोबर."

बाबांना मित्र असा एकच, शाळेतले मास्तर. शाळा सुटली की मास्तर रोज दाढीला यायचे. रोज दाढी करावी इतके केस एका दिवसात वाढायचेही नाहीत त्यांच्या गालावर, पण त्यांची बायको त्यांना सोडून गेली होती आणि रिकाम्या घरी जायची त्यांना घाई नसायची. दाढी झाली की बाबा त्यांच्या चेहऱ्यावर गरम टॉवेल ठेवायचे. मास्तर टॉवेलाखाली रडायचे. बाबा टॉवेल काढायची घाई करायचे नाहीत, उलट पाणी पुन्हा गरम करायचे. हे मला कसं कळलं? सगळ्या गावाला कळलं तसंच. धाकट्याने ते लिहिलं आणि छापून आलं.

त्याची पहिली छापून आलेली गोष्ट ती. त्याने त्याच्या मते सगळी काळजी घेतली होती. मास्तरांचा पोस्टमन केला, बाबांना मिशा लावल्या, रस्ता बदलला. पण टॉवेल तसाच ठेवला. अरे शहाण्या, टॉवेलच तर होता तो! मी हे म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, टॉवेल काढला तर गोष्टच उरत नाही." खरं असेलही. मला त्यातलं काय कळतंय.

बाबांनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून, चष्मा लावून, ती गोष्ट वाचली. म्हणाले, "चांगलं लिहिलंयस." आणि त्या संध्याकाळी पाणी गरम करून वाट बघत बसले. मास्तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे मास्तरांनी दाढी वाढवली. तुळतुळीत गालांचा माणूस, आता छातीपर्यंत दाढी घेऊन आमच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचा. बाबा हातातली कात्री थांबवून बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

धाकट्याला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, एकदाचं भांडण होऊन मिटलं असतं. त्यांनी फक्त त्याच्यासमोर बोलणं सोडलं. तो आला की बाबा विषय बदलायचे: हवा, पाणी, भाजीचा भाव. गिऱ्हाइकंही तशीच. खुर्चीत बसायची, आरशातून धाकट्याकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. "लेखक आले, तोंडं सांभाळा," असं आधी थट्टेत म्हणायची, मग म्हणायचीही बंद झाली. त्याची दोन पुस्तकं निघाली. एकदा मला म्हणाला, "ताई, घरात कोणी मला काही सांगतच नाही गं." मी म्हटलं, "केलंस तसं भर." म्हटलं खरं, पण मलाच ते लागलं.

मग बाबांनी अंथरूण धरलं. श्वास पुरत नव्हता. खिडकीशी खाट लावून दिली होती, तिथून रस्ता दिसायचा. औषध मागायचे नाहीत, जेवण मागायचे नाहीत. विचारायचे एकच, "मास्तर गेले का गं इकडून?" डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

धाकटा उठला आणि मास्तरांकडे गेला. जाऊ नकोस, मी जाते, म्हटलं तर ऐकेना. काय बोलला, किती पाया पडला, देव जाणे. पण मास्तर आले. जिन्यावर थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, "तो असणार आहे का खोलीत?"

बाबा त्यांना बघून उठायला गेले, उठता येईना. म्हणाले, "मास्तर, हे काय जंगल वाढवलंय?"

"तुमच्याशिवाय दुसरीकडे गाल द्यायची सवय नाही मला," मास्तर म्हणाले आणि खाटेवर बसले. बाबांनी त्यांचा हात धरला. "मास्तर, मला तुम्हाला एक..." एवढं म्हणेपर्यंत धाकटा चहा घेऊन आत आला.

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मास्तर म्हणाले, "उकडतंय फार." धाकट्याने कप ठेवले. मी म्हटलं, "आपण स्वयंपाकघरात जाऊ." आम्ही गेलो, दार ओढून घेतलं, तरी पलीकडे शब्द नाही. पातळ भिंत, पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू यायचा, आणि हे बाबांना माहीत होतं. बाबांचा श्वास तेवढा वाजत होता. माणसाजवळ वेळ किती उरलाय, आणि हे असे मुके बसलेत.

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. मला वाटलं, चिडून गेला.

मी पुन्हा बाबांच्या खोलीत, खिडकीशी आले. तो रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला होता, खाटेवरून बाबांना नीट दिसेल अशा जागी. भर उन्हात, आमच्याकडे पाठ करून. पंक्चरवाल्याने सावलीला बोलावलं तरी हलला नाही.

बाबा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तूही जा, पोरी." मी निघाले. दार लावता लावता ऐकलं, ते बोलायला लागले होते.