वरचा दात

वर्षाराणीच्या पायाला भिंगरी. हदगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवते, पण वर्गातली तिची खुर्ची कधी गरम झाली नाही. त्यात पोराने दात काढायला घेतले. मग तर सुट्टीच्या दिवशीही ती त्याला खांद्यावर टाकून अंगण ते चूल, चूल ते अंगण अशा येरझारा घालू लागली. आदर्शच्या लाळेने तिचा पदर ओला. गार पाण्यात भिजवलेलं फडकं चावायला दिलं की घटकाभर गप्प, मग पुन्हा भोंगा.

सासूने, तारामतीने, बोट धुऊन पोराच्या हिरडीवरून फिरवलं आणि तिचं तोंड उतरलं.

"वर्षे, वरचा हाय."

"मग?"

"मग काय? वरचा आधी आला की मामावर भारी. खालचा येईस्तोवर भुजंगाला पोराचं तोंड दावू नको."

"आई, मी पोरांना दातांचा धडा शिकवते."

"शिकव की. एकलाच भाऊ हाय तुला, म्हणून सांगितलं."

ते 'एकलाच' मात्र तिला जाऊन लागलं. आईबाप गेल्यावर भुजंगला तिनेच वाढवला. आता तो बिलोलीकडे जेसीबी चालवायचा आणि रविवारी भाच्याला बघायला येणार होता. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण आठवडाभर उशिरा आला तर कुणाचं काय बिघडतं? तिने फोन लावला.

"रविवारी येऊ नको."

"का गं अक्का?"

खरं सांगितलं तर हा मुद्दाम आजच येईल. "आदर्शला ताप आहे. चांगलाच आहे. साथ चालू आहे, तुला लागायची."

"दवाखान्यात नेलं का?"

"नेते ना. ठेव आता."

फोन ठेवला, पण जिवाला चैन पडेना. तापाचं जरा कमी करून सांगावं म्हणून तिने परत लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. शेवटी तिने त्याच्या मालकाला, रामकिशनला, विचारलं.

"भुजंग? तो तर गेला की. भाच्याचं लई झालंय म्हणला. मशीन तसंच सोडून मोटरसायकल हाणत निघाला."

बिलोलीपासून नांदेड, नांदेडपासून हदगाव. उसाचे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, आणि हा गाडी चालवणार म्हणजे वाऱ्यावर. पोर रडत होतं, ती फाटकापर्यंत जात होती, परत येत होती.

"बस की जरा. माझं डोस्कं गरगरायलंय," तारामती म्हणाली.

"तुम्हीच सांगितलं होतं."

"तोंड दावू नको म्हणले. खोटं बोल म्हणले का?"

ऊन कलल्यावर फटफट वाजली. भुजंग उतरला तो धुळीने पांढरा, डोळे लाल, डोकं उघडं. वर्षाराणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"हेल्मेट कुठंय?"

"मशीनवर राहिलं. पोरगं कसं हाय?" त्याने आदर्शच्या कपाळाला हात लावला. "अक्का, ह्याचं अंग तर गार हाय."

आदर्शने मामाचा अंगठा दोन्ही हातांनी धरून तोंडात घातला आणि रडायचा थांबला.

"आयो! काय टोचलं हे?"

तिने सासूकडे पाहिलं. तारामती आढ्याकडे बघायला लागली. मग वर्षाराणीने स्वतःच पोराचा वरचा ओठ उचलला.

"दात आहे. वरचा. बघ नीट."

"एवढ्यासाठी मला पळवलं?" तो खो खो हसला.

तारामतीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "माझ्या दोन्ही लेकांचे वरचेच आले आधी. माझा भाऊ व्यंकटराव अजून हाय. तंबाखू खाऊन गावभर भांडतोय."

"मग मला कशाला सांगितलं, आई?"

"न सांगता काही झालं असतं तर? तू मला सोडलं असतं?"

चहा झाल्यावर भुजंग उठला, खिसे चाचपू लागला, बाजेखाली वाकला.

"अक्का, गाडीची चावी बघितली का?"

"नाही," ती म्हणाली. "एसटीनं जा आज."

चावी तिने चहा टाकतानाच तांदळाच्या डब्यात खोल खुपसली होती.