कापडाखालचे भाव

कंपनीवाले दादा चहाचा कप दोन्ही तळहातांमध्ये धरायचे. उजव्या हाताची तीन बोटं वाकत नव्हती. कुणी तिकडे पाहिलं की म्हणायचे, "बाकीची सात ड्युटीवर हायेत."

ती तीन बोटं मोडली तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. हे मी आधी कुणालाच सांगितलेलं नाही. नीट लिहिता येईल का, तेही माहीत नाही.

जाम गावच्या चौरस्त्यावर, टायरच्या दुकानावरच्या खोलीत दादांनी एका मित्रासोबत कंपनी काढली होती. भाजीचे रोजचे खरे भाव शेतकऱ्यांच्या फोनवर दाखवायचे, एवढंच तिचं काम. पण आमच्या बाजारात भाव बोलले जात नसत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवत, आणि माल आणणाऱ्याला अडत्या त्याहून कमी सांगे. दादांचे वडील त्याच बाजारात हमाल होते. कोणत्या दाबाला कोणती शीर हलते, हे दादा लहानपणापासून पाहत आले होते.

"कपडा बोटं झाकते, मनगट नाई. तिथं पाह्यजो," ते मला म्हणायचे. अल्लीपूरहून बाबांसोबत वांगी घेऊन आले की कॉलेजची बस येईपर्यंत मी मनगटंच पाहत बसे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कॉम्प्युटर घेतलं ते दादांमुळे.

एका सकाळी बाजारात अडत्यांच्या चौघांनी दादांना धरलं. त्यांचा हात काट्याच्या लोखंडी पारड्यावर दाबला. "याच बोटानं भाव टाकतं ना बे?" म्हणत एकानं दोन किलोचं वजन हाणलं. पुन्हा हाणलं. पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाबांनी मला ओढून पोत्यांमागे नेलं. मी ओरडले नाही. कुणीच ओरडलं नाही. ओरडले ते दादाच, आणि ओरडले काय, तर त्या दिवशीचा वांग्यांचा खरा भाव. मग रक्तानं भरलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं फोनवर टाइप करत बसले.

"बस कर आता, जीव जाईन," असं म्हणून भागीदार पुण्याला निघून गेला. "जा बाबू," दादा म्हणाले, "पण पासवर्ड देऊन जाजो." पुढे तो त्यांनी मला सांगितला.

"मले काऊन?"

"तुह्या हातात अजून दहाची दहा हायेत."

गेल्या महिन्यात जामजवळ कुणीतरी त्यांची मोटरसायकल अडवली आणि डोक्यात रॉड घातला. तीन दिवसांनी दादा गेले. दुसऱ्या सकाळी फोनवर भाव आले नाहीत.

त्याच्या पुढच्या सकाळी मी रुमालाजवळ जाऊन उभी राहिले. मनगटावरची शीर हलली. मी भाव मोठ्यानं बोलले. रुमाल थांबला.

"पोरी, बोटं नकोशी झाली काय तुले?" अडत्यानं विचारलं.

मागून बाबा आले. वाटलं, आता ओढून नेतील. त्यांनी काट्यावरचं दोन किलोचं वजन उचललं, मुठीत धरलं आणि ते माझ्यापुढे उभे राहिले.

"टाक बेटा," ते म्हणाले.

मी फोनवर भाव टाकला. दहाही बोटांनी.